डबल यलो, डबल यलो

गाडी थांबली तेव्हा आपली काही चूक झालीय असं मला मुळीच वाटत नव्हतं. सिग्नल हिरवा होता, वेग मर्यादेत होता, पाचव्या नॉचवर, म्हणजे ताकदीच्या पाचव्या पायरीवर, इंजिन एका लयीत धडधडत होतं आणि समोर सरळसोट रूळ होते. मी स्क्रीनवरून नजरही हलवली नव्हती. तरी कॅबमधला एक दिवा लुकलुकू लागला, पाठोपाठ बझर वाजला, आणि तो कशाचा हे शोधत असतानाच ब्रेक पाइपचा काटा खाली कोसळला. सगळी मालगाडी जागच्या जागी उभी.

मागे दिवाणावर पेपर वाचत बसलेले सासरे म्हणाले, "व्हीसीडी लागला."

"पण बाबा, मी बघत होते ना!"

"तू बघत होतीस हे इंजिनाला कसं कळणार? त्याने विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस."

ही २०२० सालची, एप्रिलमधली गोष्ट. कळव्याला आमचं घर रुळांपासून इतकं जवळ आहे की पाहुणे पहिल्या रात्री झोपत नाहीत. मार्चच्या शेवटी लोकल बंद झाल्या आणि घरात अशी शांतता आली की आम्हालाच झोप येईना. मालगाड्या तेवढ्या चालू होत्या. रात्री लांबून डिझेलचा हॉर्न यायचा आणि बाबा अंथरुणातूनच सांगायचे, अल्को आहे, की दुसरं ईएमडीवालं (ही दोन्ही डिझेल इंजिनांची घराणी). सगळा जन्म त्यांनी डिझेल इंजिनांवर काढला. आधी डिझेल असिस्टंट, मग मालगाडीचे ड्रायव्हर. कल्याण शेडची इंजिनं, कळंबोली यार्ड, दिवा-पनवेल-रोहा, पावसाळे. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या कामाबद्दल मला 'ड्युटी' या एका शब्दापलीकडे काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांतली, २००१ची मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरची सीडी कपाटात सापडली म्हणून मी सहज हा खेळ सुरू केला. ते जुने मार्ग ओपन रेल्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत आजही चालतात, आणि आपल्याकडच्या हौशी मुलांनी त्यासाठी भारतीय इंजिनं बनवली आहेत. त्यातलंच एक डब्ल्यूडीएम-३ए नावाचं डिझेल इंजिन मी चालवत होते, तेव्हा ते मला विचारून गेलं आणि मी गप्प राहिले.

व्हीसीडी म्हणजे व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस. ड्रायव्हर जागा आहे ना, एवढंच ते पाहतं. साठ सेकंदांत कॅबमध्ये काहीच हालचाल झाली नाही तर आठ सेकंद दिवा लुकलुकतो. तरी कोणी दाद दिली नाही तर आणखी आठ सेकंद बझर. तेही ऐकलं नाही तर यंत्र स्वतः ब्रेक लावतं. ऐकायला सोपं आहे. मला आवडली ती त्यातली बारीक गोष्ट, जी बाबांनी सांगितली. उत्तर देण्यासाठी वेगळं बटण आहेच, पण ते दाबलंच पाहिजे असं नाही. नॉच बदलला, हॉर्न मारला, वाळू सोडली, ब्रेकला हात लावला, यांपैकी काहीही केलं की घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू होतं. म्हणजे काम करणाऱ्या माणसाला ते त्रास देत नाही. घाटात, स्टेशनात शिरताना, फाटकांच्या रांगेत त्याची आठवणही होत नाही. ते जागं होतं ते लांबलचक सरळ रस्त्यावर, पहाटे तीन वाजता, सगळं काही सुरळीत चाललेलं असताना. झोप तेव्हाच येते.

जर्मन इंजिनांवरची सिफा याहून कडक. तिथे पायाखाली पेडल असतं, ते दाबून धरायचं, पण नुसतं दाबून धरून भागत नाही. तीस सेकंदांच्या आत एकदा पाय उचलून पुन्हा टेकवावा लागतो. झोपलेल्या माणसाचा पायही पेडलवर जड पडून राहू शकतो, हे तिच्या कर्त्यांनी ओळखलं होतं. आपल्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखालचं 'डेड मॅन्स हँडल' असतं. हात सुटला की करंट तुटतो आणि ब्रेक लागतात. मी रोज कळव्याहून ठाणे आणि ठाण्याहून ऐरोली असा प्रवास करते. हे कळल्यापासून फलाटावर गाडी शिरताना मोटरमनच्या डाव्या-उजव्या हातांकडे माझं लक्ष जातं. त्या एका तळहाताच्या दाबावर आपण हजारो माणसं उभी असतो.

सिम्युलेटरमध्ये यातलं बरंचसं सुरुवातीला बंदच असतं. ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि पुष्कळ जण कधीच करत नाहीत, कारण गाडी पळवण्याच्या आनंदात ती कटकट वाटते. मीही त्या पहिल्या थांब्यानंतर काही दिवस ते बंद ठेवलं. बाबांना ते पटलं नाही. "मग तू ड्रायव्हर नाहीस, प्रवासी आहेस. खिडकी फक्त पुढच्या बाजूला आहे," असं ते शांतपणे म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरी सगळ्या यंत्रणा चालू असतात.

ब्रेक शिकायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले. त्या जुन्या सीडीत अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या मरायस खिंडीचा मार्ग आहे. डोंगर, पाइनची झाडं आणि लांबच लांब मालगाड्या. एसडी-४०-२ इंजिन घेऊन मी उतारावर निघाले. वेग वाढला की ब्रेक लावायचे, कमी झाला की सोडायचे, पुन्हा वाढला की पुन्हा लावायचे. चौथ्या-पाचव्या वेळी ब्रेक लागलेच नाहीत. म्हणजे हँडल फिरत होतं, पण गाडी ऐकेना. वळणावर सगळी गाडी रुळांवरून उतरली आणि मी हातपाय गळाल्यासारखी बसून राहिले. पडद्यावरची गाडी होती, तरी पोटात खड्डा पडला.

बाबांनी विचारलं, "हवा भरायला वेळ दिलास का?"

मग त्यांनी कागद घेतला. हवेच्या ब्रेकची गोम अशी की पाइपमधली हवा ब्रेक लावत नाही, ती ब्रेक मोकळे ठेवते. आपल्याकडे ब्रेक पाइपमध्ये पाच किलो दाब असतो. ड्रायव्हर तो थोडा उतरवतो, तेव्हा प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा सिलिंडरमध्ये जाऊन चाकांवर दाब देते. म्हणून पाइप तुटला, डबे सुटले, तर ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या या उलट्या विचाराला दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण त्याहून चांगली युक्ती अजून कोणाला सुचलेली नाही, असं माझं मत आहे. पण ब्रेक सोडल्यावर त्या टाक्या पुन्हा भराव्या लागतात, आणि शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोचायला वेळ लागतो. मी लावत-सोडत राहिले आणि दर वेळी टाक्या थोड्या थोड्या रिकाम्या होत गेल्या. पाचव्या वेळी त्यांच्यात द्यायला काही उरलंच नव्हतं. शिवाय अमेरिकन मालगाड्यांचे ब्रेक थोडेसे ढिले करता येत नाहीत. सोडले की पूर्ण सुटतात. आपल्याकडच्या गाड्यांना ते पायरी-पायरीने कमी करता येतात, म्हणून बाबांच्या हाताला सवय वेगळी. त्यांनीही पहिल्यांदा ती गाडी चालवली तेव्हा हँडल जरासं मागे घेतलं आणि सगळेच ब्रेक सुटलेले पाहून क्षणभर थबकले. मग हळूच म्हणाले, "असं आहे होय."

उतारावर खरा आधार असतो तो डायनॅमिक ब्रेकचा. चाकांना फिरवणाऱ्या मोटरींनाच जनरेटर बनवायचं, निघणारी वीज इंजिनाच्या छपराजवळच्या जाळ्यांमध्ये उष्णता करून उडवून द्यायची. चाकांचे ब्लॉक झिजत नाहीत, हवा खर्च होत नाही. पण तो वेग अगदी कमी झाला की सुस्तावतो, आणि नॉचवरून थेट त्यात उडी मारायची नसते. आधी आयडलवर, म्हणजे ताकद न देता इंजिन नुसतं चालू ठेवून, यायचं, काही सेकंद थांबायचं, मोटरींमधला करंट उतरू द्यायचा, मग पुढे. ही काही सेकंदांची थांबणूक मला सुरुवातीला खेळातली उणीव वाटली होती. बाबा म्हणाले की त्यांच्या घाटातल्या मित्रांचं सगळं कसब त्या थांबण्यात होतं. भोर आणि थळ घाटांत चढण ३७ला एक आहे, म्हणजे ३७ मीटर चालल्यावर एक मीटर. उतरायच्या आधी गाडी उभी करून ब्रेक तपासायचे, मगच पुढे जायचं. वरून घाईने आलेल्या माणसाला घाट माफ करत नाही, असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. मी पुढे विचारलं नाही.

अल्कोबद्दल मात्र ते न विचारताच बोलतात. अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२ आली, १९६४पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, आयडलवर मिनिटाला ४०० फेरे आणि आठव्या नॉचला १,०००. पुढे तिच्यातूनच ३,१०० अश्वशक्तीची ३ए निघाली. ठाण्यात, कळव्यात वाढलेल्या कोणालाही तो आवाज ठाऊक असेल, दमेकऱ्याच्या श्वासासारखा अडखळत, पण न थांबणारा. सिम्युलेटरमध्ये मी नॉच एकदम तिसऱ्यावरून सातव्यावर नेला की धुराड्यातून काळा लोट यायचा. मला ते छान दिसायचं. बाबांना ते पाहवायचं नाही. इंजिनाला डिझेल लगेच मिळतं, पण टर्बो वेगात यायला वेळ लागतो, तोवर हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं तेल धूर होऊन जातं. "तो धूर म्हणजे तुझी घाई," ते म्हणायचे.

एक नॉच घ्यायचा, अँपिअरचा काटा वर जाऊन जरा उतरेपर्यंत थांबायचं, डब्यांच्या कपलिंगमधली ढील एकेक करून ओढली जाताना ऐकायची, मग दुसरा नॉच. हे मी शंभर वेळा केलं असेल. वेग वाढताना एका क्षणी काटा अचानक खाली पडतो आणि पुन्हा उभा राहतो. नवा खेळाडू घाबरतो, त्याला इंजिन बंद पडलं असं वाटतं. ते ट्रान्झिशन असतं, म्हणजे मोटरींची जोडणी बदलते, कारण वेग वाढला की मोटरी उलटा दाब देऊ लागतात आणि जुन्या जोडणीत जनरेटर त्यांना पुरेसा करंट ढकलू शकत नाही. चढावर कमी वेगात आठवा नॉच धरून ठेवला तर मोटरी तापतात, हेही खरं. पण बऱ्याच सिम्युलेटरांत त्या तापतच नाहीत. मला हा मोठा दोष वाटतो. ज्या चुकीची शिक्षा होत नाही ती हाताला लागते.

पावसाचं त्यांनी एकदाच सांगितलं. मुसळधार पाऊस चालतो, तो रूळ धुऊन काढतो. वाईट असतो तो जूनमधला पहिला शिडकावा. रुळांवर बसलेलं तेल, धूळ आणि ते थोडंसं पाणी यांचं मेण होतं. चाकं जागीच गरगरतात, व्हील-स्लिपचा बझर ओरडतो, यंत्र आपोआप ताकद कमी करतं, आणि वाळू टाकत टाकत गाडी पुढे काढायची.

पण मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं, ती गोष्ट ब्रिटिश मार्गावर घडली. तिथल्या एका डिझेल इंजिनावर एडब्ल्यूएस, म्हणजे ऑटोमॅटिक वॉर्निंग सिस्टिम, होतं. सिग्नलच्या साधारण १८० मीटर आधी रुळांमध्ये चुंबक असतो. सिग्नल हिरवा असेल तर कॅबमध्ये घंटा वाजते. नसेल तर भोंगा वाजतो, आणि दोन-तीन सेकंदांत बटण दाबून 'समजलं' असं सांगावं लागतं. न सांगितल्यास ब्रेक. सांगितलं की पिवळ्या-काळ्या पाकळ्यांची एक चकती उमटते, आठवण राहावी म्हणून. ड्रायव्हर तिला सूर्यफूल म्हणतात. ८ ऑक्टोबर १९५२ला हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनात तीन गाड्या एकमेकींवर आदळून ११२ माणसं गेली, त्यानंतर ही यंत्रणा तिथे बसवण्याच्या कामाला वेग आला.

मी तासभर चालवत होते. भोंगा, क्यू कळ, भोंगा, क्यू कळ. वर्दळीचा मार्ग होता, पिवळ्यांची, म्हणजे 'सावध' सांगणाऱ्या सिग्नलांची, रांग लागली होती. आणि मग मी लाल सिग्नल ओलांडून गेले. बटण मी दाबलं होतं. दाबल्याचं मला आठवतही नव्हतं. भोंगा ऐकला तो कानाने, उत्तर दिलं ते बोटाने, आणि मधे मी कुठेच नव्हते.

त्या रात्री मी वाचत बसले. एडब्ल्यूएसचा भोंगा दुहेरी पिवळ्याला, एकेरी पिवळ्याला आणि लाललाही एकच असतो. म्हणजे सवयीने दाबलेलं बटण हा त्याचा जुना, माहीत असलेला कच्चा दुवा. ५ ऑक्टोबर १९९९ला लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह इथे एक डिझेल गाडी एसएन-१०९ हा लाल सिग्नल ओलांडून समोरच्या एक्स्प्रेसवर गेली, ३१ माणसं मेली. भोंग्याला उत्तर दिलेलं होतं. ड्रायव्हर पात्र ठरून जेमतेम तेरा दिवस झाले होते, आणि तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. त्याच्या दोन वर्षं आधी, १९ सप्टेंबर १९९७ला साउथॉलला सात जण गेले, तिथे तर एडब्ल्यूएस बंद करून ठेवलेलं होतं. त्या तेरा दिवसांच्या ड्रायव्हरवर मला राग धरता आला नाही. त्याचं बोट कसं हललं असेल ते मला दोन तासांपूर्वीच कळलं होतं.

जर्मन पीझेडबी ही सिग्नलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा यावर जे करते ते मला म्हणून पटतं. तिथेही पिवळ्यावर बटण दाबायचं असतं. त्या बटणाचं नावच 'वाखझाम', म्हणजे सजग. चार सेकंदांची मुदत. पण तुम्ही सजग आहात हे ती तुमच्या शब्दावर सोडत नाही. जलद गाडी असेल तर तेवीस सेकंदांत वेग ८५च्या खाली आलाच पाहिजे, नाहीतर ती थांबवते. पुढे, लाल सिग्नलच्या अलीकडे, आणखी एक चुंबक असतो. तुम्ही मधेच 'मोकळं' असं बटण दाबून बंधनातून सुटका करून घेतली असेल आणि सिग्नल मात्र लालच असेल, तर त्या चुंबकावर गाडी उभी राहते. हो म्हणणं आणि करणं यांतलं अंतर ती मोजते. भारतीय रेल्वेची टक्कर टाळणारी यंत्रणा, आपलं 'कवच', तर वेग आणि सिग्नल सतत पाहत राहतं. २०२०च्या जुलैमध्ये ते देशभरासाठी स्वीकारलं गेलं. रुळांवर ते पसरेल तेवढं थोडंच आहे.

सकाळी चहा घेताना मी बाबांना लाल सिग्नलचं सांगितलं. सांगायला लाज वाटत होती. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तोंडाने बोललीस का?"

"काय?"

"सिग्नल. तोंडाने बोललीस का मोठ्याने?"

आपल्याकडे कॅबमध्ये दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने पुकारायचा आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुन्हा पुकारायचा. 'डबल यलो.' 'डबल यलो.' म्हणजे दोन पिवळे दिवे, सावध. हात वर करून. प्रत्येक सिग्नलला, दिवसा आणि रात्री, पन्नास वेळा गेलेल्या मार्गावरही. बटणाला बोट पुरतं, बोलायला मात्र डोळे उघडावे लागतात, शब्द निवडावा लागतो. हिरव्याला पिवळा म्हणता येत नाही. चार दशकं हा माणूस रात्री-अपरात्री असं ओरडत होता आणि घरी आल्यावर घसा बसलेला असायचा. सासूबाई आम्हाला सांगायच्या, यांना थंडी बाधते.

तेव्हापासून मी बोलते. पहिल्या दिवशी लेकीने आतून विचारलं, "आई, कोणाशी बोलतेस?" आता तीही विचारत नाही. भोंगा वाजला की आधी तोंडातून रंग बाहेर पडतो, मग हात. लाल सिग्नल पुन्हा चुकलेला नाही.

२०२२मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. आमच्या खिडकीखालून डिझेलवर जाणाऱ्या कोकणातल्या गाड्या एकेक करून विजेवर गेल्या. आता रात्री हॉर्न आला तरी बाबा सहसा काही बोलत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात, वीज जायच्या भीतीने लवकर जेवणं उरकलेली असताना, ते म्हणाले, "दे जरा इकडे." मी खुर्ची दिली आणि बाजूला स्टुलावर बसले. डब्ल्यूडीएम-३ए, मालगाडी, पाऊस. पहिला नॉच. थांबले. काटा उतरला. दुसरा. काळा धूर अजिबात नाही. चाळीसच्या आसपास वेग आला, बाहेरच्या पावसाचा आवाज आणि स्पीकरमधल्या पावसाचा आवाज एकच झाला.

"डबल यलो," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

त्यांनी नॉच कमी करत आयडलवर आणला, ब्रेक थोडा लावला. वेग पडू लागला. ते माझ्याकडे वळले नाहीत, काचेतून समोरच बघत राहिले.

"बाबा, काय झालं?"

"तू बोलली नाहीस."

मी पडद्याकडे पाहिलं. पावसाच्या रेघांमागे, एकावर एक, दोन पिवळे ठिपके.

"डबल यलो," मी म्हटलं.

त्यांनी ब्रेक सोडला, हवा भरेपर्यंत थांबले, आणि पहिला नॉच घेतला.